पिव्होटवरून चार्ट काढला पण सरासरी फॅट सॉफ्टवेअरशी जुळत नाही आणि मार्चचा खांब एवढासाच दिसतोय

दूधकेंद्र_संगमनेर

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेत वडील सचिव आहेत आणि कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तर या वर्षी वडिलांचं म्हणणं आहे की अहवालातले आकडे नुसते वाचून दाखवले की लोकं ऐकत नाहीत, प्रोजेक्टर आणून भिंतीवर दोन-तीन चार्ट दाखवू, कोणत्या महिन्यात किती दूध आलं आणि फॅट काय लागली एवढं सगळ्यांना नीट कळलं पाहिजे.

डेटा असा आहे. सॉफ्टवेअरमधून एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चा पूर्ण वर्षाचा रिपोर्ट एक्सेलला काढला, कॉलम तारीख, पाळी (सकाळ/संध्याकाळ), सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ), दर, रक्कम. सभासद ९६, सगळं गायीचंच दूध, म्हैस नाही. त्याच्यावर पिव्होट टेबल (एक्सेलमधला गटवार बेरीज करून देणारा तक्ता) केलं, रो मध्ये महिना, व्हॅल्यूमध्ये लिटरची बेरीज आणि फॅटचं ॲव्हरेज, आणि त्यावरून पिव्होट चार्ट. चार्ट आला पण चार गोष्टी अडल्यात.

पहिलं म्हणजे जानेवारी आधी येतो आणि एप्रिल मध्येच कुठेतरी, आमचं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं. दुसरं, मार्चचा खांब बाकीच्यांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच आहे, मार्चमध्ये दूध थोडं कमी झालं होतं हे खरं पण इतकं नक्कीच नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर्षाची सरासरी फॅट पिव्होट ३.९७ दाखवतंय आणि सॉफ्टवेअरच्या वार्षिक रिपोर्टमध्ये ३.८२ आहे, दोन्हीचा डेटा एकच असताना. चौथं, फॅटची रेघ चार्टच्या अगदी तळाला चिकटून सरळ गेलीय, काहीच दिसत नाही.

मी दोन रात्री यावरच बसलेय, कोणी सांगेल का कुठे चुकतंय.

आकडेमोड_पुणे

ताई, पहिलं सोपं आहे. पिव्होटमधल्या कुठल्याही महिन्यावर राईट क्लिक, ग्रुप, आणि त्या यादीत मंथ्स बरोबर इयर्स पण निवडा (दोन्ही निळे दिसले पाहिजेत). नुसता मंथ निवडला की एक्सेल वर्ष बघतच नाही, म्हणून जानेवारीपासून लावतं, आणि उद्या याच शीटमध्ये दोन वर्षांचा डेटा टाकलात तर दोन्ही वर्षांचे एप्रिल एकाच खांबात मिसळेल आणि कळणारही नाही. इयर्स घेतलं की २०२४ खाली एप्रिल ते डिसेंबर, मग २०२५ खाली जानेवारी ते मार्च, आपोआप बरोबर लागतं.

मार्चचं विचारायचं होतं, तुमच्या शीटमध्ये शेवटची तारीख कोणती आहे आणि एकूण रो किती आहेत? तारखेच्या कॉलममध्ये कंट्रोल आणि खालचा बाण दाबा, शेवटच्या रोवर जाल. आणि फाईलचं एक्स्टेन्शन काय आहे, एक्सएलएस की एक्सएलएसएक्स, तेपण बघा.

दूधकेंद्र_संगमनेर

इयर्सचं झालं, एप्रिलपासून आलं, खूप धन्यवाद. शेवटची रो ६५५३६ आहे आणि तारीख ११ मार्च, संध्याकाळची पाळी, तीपण अर्धीच, सभासद नंबर ७० च्या आसपास संपतेय. पुढचे वीस दिवस शीटमध्ये नाहीतच! फाईल एक्सएलएस आहे.

आकडेमोड_पुणे

मग सापडलंच. ६५,५३६ ही जुन्या एक्सएलएस फाईलची कमाल रो संख्या आहे, त्याच्या पुढे ती फाईल एकही ओळ घेऊ शकत नाही. ९६ सभासद, दोन पाळ्या, एखाद-दुसरा गैरहजर धरून रोज साधारण १९० नोंदी, हेडिंगची एक ओळ सोडून ६५,५३५ भागिले १९० केलं तर ३४४ दिवस आणि थोडे, म्हणजे १ एप्रिलपासून मोजत ११ मार्चलाच येता. सॉफ्टवेअरने काही न सांगता तिथे कापलंय. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्स फाईलमध्ये १०,४८,५७६ रो मावतात, तर सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्टचा दुसरा पर्याय असेल (एक्सएलएसएक्स किंवा सीएसव्ही, म्हणजे कॉलम स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) तो घ्या. तसा पर्यायच नसेल तर सहा-सहा महिन्यांच्या दोन फाईली काढून एकाखाली एक जोडा.

आणि एक सवय लावून घ्या, चार्टमधला एखादा खांब विचित्र दिसला की पिव्होटमध्ये त्या आकड्यावर डबल क्लिक करायचं, त्या आकड्याच्या मागच्या सगळ्या ओळी नवीन शीटवर उघडतात. मार्चवर केलं असतंत तर ११ तारखेलाच नोंदी संपल्यात हे लगेच दिसलं असतं. बघून झालं की ती शीट डिलीट करून टाका.

फॅटचं कोणीतरी दूधवाल्यातलं माणूस सांगेल, मला एसएनएफ वगैरे कळत नाही.

लेखापाल_सांगली

मी सांगतो. बरीच वर्षं दूध संस्थांचे हिशेब बघतोय आणि ही चूक मी छापील अहवालातसुद्धा बघितलेली आहे त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, ताई नीट वाचा.

पिव्होटला फॅटचं ॲव्हरेज मागितलं की ते काय करतं, तर सगळ्या नोंदींच्या फॅटची बेरीज करून नोंदींच्या संख्येने भागतं. म्हणजे दोन लिटर घालणाऱ्याची फॅट आणि चाळीस लिटर घालणाऱ्याची फॅट त्याच्या लेखी सारखीच. पण कॅनमध्ये दूध एकत्र झालं की तसं होत नाही, चाळीस लिटरवाल्याचंच वजन जास्त पडतं. सरासरी लिटरच्या प्रमाणात धरायला पाहिजे, सॉफ्टवेअर तसंच करतं म्हणून तिथे ३.८२ आहे आणि तेच बरोबर आहे.

एक उदाहरण घ्या. सभासदाने सकाळी १० लिटर घातलं, फॅट ३.६. संध्याकाळी ६ लिटर, फॅट ४.४. साधी सरासरी ४.०. पण खरी काढा, १० गुणिले ३.६ म्हणजे ३६, ६ गुणिले ४.४ म्हणजे २६.४, एकूण ६२.४, भागिले १६ लिटर, आली ३.९. आता हे एकाच सभासदापुरतं नाही. संध्याकाळचं दूध जवळपास सगळ्याच गोठ्यात कमी असतं आणि त्याला फॅट जास्त लागते, कारण सकाळ ते संध्याकाळ धारेतलं अंतर कमी असतं. म्हणजे साधी सरासरी काढली की चूक नेहमी एकाच बाजूला होते, फॅट खऱ्यापेक्षा जास्तच दिसते. तुमचा ०.१५ चा फरक मुख्यतः तिथूनच आलाय.

आता सभेत हे का महत्त्वाचं. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ या पायावर ठरतो आणि त्याच्या वर-खाली पॉइंटप्रमाणे दर बदलतो हे प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असतं. तुम्ही भिंतीवर ३.९७ लावलंत की पहिल्या रांगेतला माणूस उठून विचारणार की फॅट एवढी होती तर आम्हाला दर त्या हिशेबाने का नाही, मधले पैसे कुठे गेले. आणि तुमच्या वडिलांकडे त्याचं उत्तर नसेल, कारण पैसे कुठेच गेलेले नाहीत, चार्ट चुकलेला आहे. सचिवावर एकदा असा संशय आला की तो पुसायला वर्षं जातात. म्हणून म्हणतो की चार्टचे रंग नंतर बघा, आधी त्याच्या खालची बेरीज दुरुस्त करा.

पद्धत अशी. मूळ डेटात एक कॉलम वाढवा, नाव द्या फॅटकिलो, त्यात लिटर गुणिले फॅट भागिले १००. (काटेकोर बोलायचं तर लिटरचे किलो करायला १.०३ च्या आसपास घनता धरून गुणावं लागतं, पण आपण शेवटी लिटरनेच भागणार आहोत त्यामुळे तो आकडा वर-खाली कटतो, सरासरीला फरक पडत नाही.) मग पिव्होटवर क्लिक करून वर पिव्होटटेबल ॲनालाइझ टॅब, त्यात फील्ड्स आयटेम्स अँड सेट्स, त्यात कॅल्क्युलेटेड फील्ड. नाव द्या खरी फॅट, फॉर्म्युल्यात फॅटकिलो भागिले लिटर गुणिले १००, फील्डची नावं टाईप करू नका, खालच्या यादीतून डबल क्लिक करून घ्या. आणि आधीचं ॲव्हरेज ऑफ फॅट काढून टाका.

इथे एक खड्डा आहे ज्यात बरेच जण पडतात. कोणी म्हणेल की वेगळा कॉलम कशाला, कॅल्क्युलेटेड फील्डमध्येच लिटर गुणिले फॅट लिहू की. तसं करू नका. कॅल्क्युलेटेड फील्ड ओळी-ओळीने हिशेब करतच नाही, ते आधी लिटरची महिन्याची बेरीज करतं, फॅटची महिन्याची बेरीज करतं आणि मग त्या दोन बेरजांचा गुणाकार करतं, आकडा कोटीत जाईल. गुणाकार मूळ शीटमध्ये ओळीवर करायचा, भागाकार पिव्होटमध्ये बेरजेवर करायचा. असं केलं की खालच्या ग्रँड टोटलमध्ये पण बरोबर फॅट येते आणि स्लायसर (फिल्टरची बटणं) लावून नुसती सकाळ बघितलीत तरी बरोबर येते. एसएनएफला सुद्धा हेच.

झालं की ग्रँड टोटलमधली फॅट सॉफ्टवेअरच्या वार्षिक आकड्याशी पडताळून बघा. दोन दशांशापर्यंत जुळली तरच पुढे जा.

दूधकेंद्र_संगमनेर

सर तुम्ही जे लिहिलंय ते मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे, संघाकडून टँकरची फॅट येते ती पण नेहमी ३.८ च्याच जवळ असते, ३.९७ बघून त्यांनाही खटकलं होतं पण कॉम्प्युटर चुकणार नाही असं वाटलं.

सीएसव्हीचा पर्याय सापडला, पूर्ण वर्ष आलं, शेवटची तारीख ३१ मार्च आहे. फॅटकिलोचा कॉलम पण केला. पण आता नवीनच अडचण, तारखेवर ग्रुप केलं की कॅनॉट ग्रुप दॅट सिलेक्शन येतंय. आणि काही तारखा सेलमध्ये डावीकडे चिकटल्यात काही उजवीकडे. जुन्या फाईलमध्ये असं नव्हतं.

आकडेमोड_पुणे

सीएसव्ही डबल क्लिक करून उघडलीत ना? तुमच्या विंडोजमध्ये तारखेची पद्धत अमेरिकन असणार, महिना आधी. त्यामुळे ०५/०४/२०२४ म्हणजे आपली ५ एप्रिल, एक्सेलने ती ४ मे समजून घेतली, आणि १३/०४/२०२४ आली तेव्हा तेरावा महिना नसतो म्हणून तिला नुसता मजकूर म्हणून ठेवलं. उजवीकडे चिकटलेल्या त्या तारखा झाल्यात (आणि त्यातल्या बहुतेक चुकीच्या!), डावीकडच्या मजकूर. मजकूर मध्ये आला की ग्रुप होत नाही. खरं तर हा एरर आला हे बरंच झालं, कारण प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखांचं दूध दुसऱ्याच महिन्यांत जाऊन बसलं असतं आणि चार्ट दिसायला एकदम व्यवस्थित आला असता.

ही शीट दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या. रिकामी एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाईल निवडा, लोड न करता ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. पॉवर क्वेरी (डेटा साफ करायची एक्सेलमधलीच खिडकी) उघडेल. एक्सेलने आपल्या मनाने चेंज्ड टाईप अशी एक स्टेप उजवीकडे टाकलेली असते, ती आधी डिलीट करा म्हणजे तारीख परत मजकूर होईल. मग तारखेच्या कॉलमवर राईट क्लिक, चेंज टाईप, सगळ्यात खाली युझिंग लोकेल, तिथे डेट आणि इंग्लिश इंडिया. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम हे कॉलम डेसिमल नंबर करून घ्या. मग क्लोज अँड लोड. आता तारखा बरोबर येतील आणि वरून फायदा असा की पुढच्या वर्षी त्याच नावाची नवीन सीएसव्ही त्याच जागी ठेवून डेटा टॅबमधलं रिफ्रेश ऑल दाबलं की सगळं परत तयार.

फॅटकिलोचा कॉलम पॉवर क्वेरीतच कस्टम कॉलम म्हणून करा, म्हणजे दरवेळी फॉर्म्युला खाली ओढायला नको.

करवीर_गोठा

चांगला धागा चाललाय. माझा पण एक प्रश्न घुसवतो. आमच्याकडं दहा दिवसांचं बिल असतं, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तसा चार्ट पाहिजे. पिव्होटच्या ग्रुपमध्ये डेज घेऊन १० आकडा टाकला तर पहिला महिना बरोबर येतोय पण नंतर सरकत जातंय, जून मध्ये १ ते १० पाहिजे तिथं दुसरंच काहीतरी. आणि आमच्याकडं गाय म्हैस दोन्ही हाय.

लेखापाल_सांगली

सरकणारच, ३१ चा महिना आला की एक दिवस पुढे ढकलला जातो. ग्रुप वापरू नका, मूळ डेटात बिल नावाचा कॉलम करा. डे फंक्शनने तारखेचा दिवस काढा, त्यातून १ वजा करा, १० ने भागा, इंट फंक्शनने पूर्णांक घ्या, मग मिन फंक्शन लावून तो आकडा २ च्या वर जाऊ देऊ नका, आणि शेवटी १ मिळवा. १ ते १० ला १ येईल, ११ ते २० ला २, पुढच्या सगळ्याला ३. ते २ चं बंधन फक्त ३१ तारखेसाठी आहे, नाहीतर तिचं एकटीचं चौथं बिल होतं. मग पिव्होटच्या रो मध्ये वर्ष, महिना आणि त्याखाली बिल.

पण चार्ट काढताना एक लक्षात ठेवा दादा, तिसरं बिल कधी १० दिवसांचं, कधी ११, फेब्रुवारीत ८ किंवा ९. एकूण लिटरचे खांब लावले तर फेब्रुवारीचं तिसरं बिल उगाच पडलेलं दिसेल. रोजचे सरासरी लिटर लावा. सगळ्यात साधं म्हणजे पिव्होटशेजारी एक छोटा तक्ता करून त्यात एकूण लिटर भागिले त्या बिलाचे दिवस करायचं आणि त्या तक्त्यावर साधा चार्ट काढायचा.

गाय-म्हैस एकाच सरासरीत कधीच घालू नका. गायीचा पाया ३.५/८.५, म्हशीचा ६.०/९.०, दोन्ही मिसळून जी फॅट येते ती कुठल्याच जनावराची नसते. महिन्यात म्हशीचं दूध दोनशे लिटर वाढलं तर फॅटची रेघ वर जाईल आणि लोकांना वाटेल की चारा सुधारला. दोन वेगळे चार्ट.

करवीर_गोठा

समजलं सर. उद्या करून बघतो.

झेडपी_गुरुजी

ताईंचा चौथा प्रश्न राहिलाच की, फॅटची रेघ तळाला जाते तो. कारण साधं आहे, लिटर तीस-पस्तीस हजारात आणि फॅट ३ ते ४ मध्ये, एकाच मोजपट्टीवर ठेवलं की फॅट शून्याला चिकटणार. चार्टवर राईट क्लिक, चेंज चार्ट टाईप, खाली कॉम्बो, लिटरला कॉलम आणि फॅटला लाईन विथ मार्कर्स, आणि फॅटसमोर सेकंडरी ॲक्सिसची टिक. मग उजवीकडच्या ॲक्सिसवर राईट क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये किमान ३.४, कमाल ४.२ असं काहीतरी द्या. डावीकडची लिटरची पट्टी मात्र शून्यापासूनच असू द्या, खांबाची उंची हीच माहिती असते, ती मधूनच कापली तर ३२ हजार आणि ३४ हजारात दुपटीचा फरक दिसतो.

तरीपण माझा स्वतःचा अनुभव सांगतो, मी शाळेत आणि पालकसभेत असे चार्ट बरेच दाखवले. दोन बाजूंना दोन पट्ट्या असल्या की मागच्या रांगेतल्या माणसाला कळत नाही कोणती रेघ कुठल्या पट्टीवर वाचायची. आणि खांब आणि रेघ जिथे एकमेकांना छेदतात तिथे काहीतरी विशेष घडलं असं लोकांना वाटतं, जे पट्टी बदलली की नाहीसं होतं. त्यापेक्षा दोन चार्ट एकाखाली एक, वर लिटर खाली फॅट, महिने सरळ रेषेत एकावर एक. थंडीत दूध वाढलं आणि उन्हाळ्यात कमी झालं तेव्हा फॅटचं काय झालं, हे लगेच डोळ्याला दिसतं.

लेखापाल_सांगली

गुरुजींशी सहमत. आमच्या क्षेत्रात पुष्टकाळ (दूध वाढतं तो काळ) आणि कृशकाळ (दूध घटतं तो काळ) म्हणतात तेच ते, आणि सभासदाला हे गोठ्यातून माहीत असतंच, चार्टवर दिसलं की त्याचा चार्टवर विश्वास बसतो. छापील अहवालात जागा कमी असते तिथे कॉम्बो ठीक आहे, प्रोजेक्टरवर दोन वेगळे.

मुक्तस्रोत_नाशिक

ज्यांच्याकडे एक्सेल नाही त्यांच्यासाठी. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये २०१७ च्या ५.४ व्हर्जनपासून पिव्होट चार्ट आहे, पिव्होटमध्ये सेल ठेवून इन्सर्ट चार्ट केलं की आपोआप पिव्होट चार्ट होतो. सीएसव्ही उघडताना तिथे आधी एक खिडकी येतेच, त्यात तारखेच्या कॉलमवर क्लिक करून डेट डीएमवाय निवडायचं, वर जो तारखांचा घोळ झाला तो होतच नाही.

गुगल शीट्समध्ये वेगळा पिव्होट चार्ट असा प्रकार नाही, पिव्होट टेबलची रेंज सिलेक्ट करून साधा चार्ट टाकायचा. तिथे उजवीकडच्या एडिटरमध्ये शो टोटल्सची टिक आधी काढा, नाहीतर ग्रँड टोटल पण एक महिना समजून चार्टमध्ये येतो आणि त्या एका खांबापुढे बाकीचे बारा मुंगीएवढे दिसतात. एक्सेलच्या पिव्होट चार्टमध्ये ग्रँड टोटल येत नाही, पण पिव्होट कॉपी करून व्हॅल्यू पेस्ट केली आणि त्यावर चार्ट काढला तर तिथेही हेच होतं. मात्र शीट्सचं एक चांगलं आहे, कॅल्क्युलेटेड फील्डला समरी कस्टम ठेवलं की फॉर्म्युल्यात बेरीज भागिले बेरीज आपल्याला स्वतः लिहिता येतं.

दूधकेंद्र_संगमनेर

सगळं झालं!! पॉवर क्वेरीतून तारखा बरोबर आल्या, मार्चचा खांब आता फेब्रुवारीपेक्षा थोडासाच कमी आहे, आणि ग्रँड टोटलला फॅट ३.८२, सॉफ्टवेअरला पण ३.८२. ते बघून वडिलांनी चष्मा काढून परत लावून बघितलं. गुरुजींनी सांगितलं तसे दोन चार्ट एकाखाली एक केलेत आणि डिसेंबर-जानेवारीचं खरंच स्पष्ट दिसतंय.

आता दोन छोटे प्रश्न. वडिलांना तिसरा चार्ट सभासदवार पाहिजे, कोणी किती दूध घातलं. ९६ खांब लावले तर काहीच वाचता येत नाही. आणि समितीतले लोकं म्हणतायत की ती एक्सेल फाईल आम्हाला सभेआधी व्हॉट्सॲपवर पाठव, पाठवू ना?

लेखापाल_सांगली

फाईल पाठवू नका. चार्ट ज्या पिव्होटवर आहे त्याच्या पोटात सगळा डेटा असतो, मूळ शीट डिलीट केलीत तरी पिव्होटच्या आकड्यावर डबल क्लिक केलं की कोणत्या सभासदाला किती रक्कम मिळाली ते ओळ न ओळ बाहेर येतं. ग्रुपवर गेलेली फाईल कुठपर्यंत जाईल आपल्या हातात नाही. चार्टवर राईट क्लिक करून सेव्ह ॲज पिक्चर, ते चित्र पाठवा.

सभासदवार चार्टसुद्धा माझ्या मते नावानिशी किंवा नंबरनिशी लावू नये. कमी दूध घालणारी बहुतेक एक-दोन गायींची घरं असतात, त्यांना भर सभेत सगळ्यात खालचा खांब दाखवून काय मिळणार. त्याऐवजी गट करा, रोज ५ लिटरपर्यंत किती सभासद, ५ ते १० किती, १० ते २० किती, त्यापुढे किती. यातून संस्थेला कामाचं पण काहीतरी कळतं, म्हणजे आपलं दूध पंचवीस मोठ्या गोठ्यांवर उभं आहे की सत्तर छोट्यांवर.

आकडेमोड_पुणे

त्यासाठी पिव्होटवर पिव्होट करावं लागेल ताई. पहिल्या पिव्होटमध्ये रो ला सभासद नंबर आणि व्हॅल्यूला लिटर. ग्रँड टोटलची ओळ सोडून ते कॉपी करून नवीन शीटवर व्हॅल्यू पेस्ट करा, शेजारच्या कॉलममध्ये ३६५ ने भागून रोजचे सरासरी लिटर काढा (कोणी वर्षाच्या मध्येच सभासद झाला असेल तर त्याच्या दिवसांनी भागा), त्याच्या शेजारी इफ लावून वरचे गट लिहा. मग या ९६ ओळींवर दुसरं पिव्होट, रो ला गट, व्हॅल्यूला सभासद नंबरचा काउंट आणि लिटरची बेरीज. सभासद नंबर आकडा म्हणून असेल तर एक्सेल त्याची बेरीज करून दाखवेल, व्हॅल्यू फील्ड सेटिंग्जमधून काउंट करून घ्या. आडवे बार लावा, चार गटच आहेत त्यामुळे मोठ्या अक्षरात बसतील. एक्सेलमधला तयार हिस्टोग्राम पिव्होटवर चालत नाही, स्कॅटर पण नाही, म्हणून हा वळसा.

गटांची नावं १ छोटे, २ मध्यम अशी आकड्याने सुरू करा, नाहीतर पिव्होट अक्षराच्या क्रमाने लावेल आणि १० ते २० वाला गट ५ च्या आधी येऊन बसेल.

दूधकेंद्र_संगमनेर

केलं. आडव्या बारमध्ये सगळ्यात लांब पट्टी ५ ते १० लिटरवाल्यांची आली, ९६ पैकी ४३ सभासद. वडील म्हणाले हा चार्ट पहिला लावायचा, लिटरचा नंतर.

अहवाल छापायला उद्या देतोय, प्रेसवाला काळ्या-पांढऱ्यातच छापणार आहे. निळा-केशरी रंग तिथे सारखाच राखाडी होईल का?

झेडपी_गुरुजी

बऱ्याचदा होतो, म्हणून रंगावर अवलंबून राहू नका. खांबांना मध्यम राखाडी द्या, फॅटच्या रेघेला पूर्ण काळा आणि मार्कर मोठे ठेवा. लेजंड काढून टाका आणि मथळ्यातच लिहा, महिनावार दूध संकलन, हजार लिटरमध्ये. डेटा लेबल फॅटला दोन दशांश आणि लिटरला हजारात एक दशांश, म्हणजे खांबावर ३४.२ असं सुटसुटीत येईल. पिव्होट चार्टवर ती राखाडी फिल्टरची बटणं असतात ना, कुठल्याही बटणावर राईट क्लिक करून हाईड ऑल फील्ड बटन्स करा, नाहीतर तीपण छापली जातात. आणि प्रेसला देण्याआधी घरच्या प्रिंटरवर एक पान काढून हातभर अंतरावरून वाचून बघा.